एअर की कार्बन? आधी आपला दिवस लिहून काढा

मागच्या महिन्यात पंधरा दिवस माझ्या टेबलावर दोन लॅपटॉप शेजारी शेजारी होते. डावीकडे भाच्याचा अ‍ॅपलचा मॅकबुक एअर, एम4 चिपचा, 13 इंची. उजवीकडे मैत्रिणीकडून मागून आणलेला लेनोवोचा, विंडोजवर चालणारा थिंकपॅड एक्स1 कार्बन, 12व्या पिढीचा, 14 इंची. माझा जुना लॅपटॉप सहा वर्षं राबून थकला होता आणि नवा घ्यायचा तर या दोघांतलाच एक, एवढं मनाशी ठरलं होतं. दोन्ही हलके, दोन्ही देखणे, दोन्ही रोजच्या कामाला पुरून उरणारे. पुढे ठरेना. रोज रात्री मी या दोघांची तुलना करणारं काहीतरी वाचत बसायचे आणि सकाळी पुन्हा तिथेच असायचे.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दिवसाचे आठ-नऊ तास पडद्यावरची अक्षरं वाचणं हाच माझा उद्योग. शेवटी एका सकाळी वाचणं बंद केलं आणि वही उघडली. लॅपटॉपची लॅपटॉपशी तुलना करण्याऐवजी दोघांची तुलना माझ्या दिवसाशी करायची, असं ठरवलं. त्या क्षणापासून गुंता सुटायला लागला. तुम्ही अशाच दोन चांगल्या मशीनांमध्ये अडकला असाल तर तुम्हालाही मी हाच रस्ता सांगेन.

वहीचं एक पान

सात दिवस आपल्या आताच्या लॅपटॉपवर नेहमीसारखं काम करा आणि रोज संध्याकाळी चार गोष्टी लिहा. कुठे बसून काम केलं, टेबलाशी की सोफ्यावर की प्रवासात. चार्जर लावलेला होता का. लॅपटॉपला काय काय जोडलं. आणि कुठे अडलं किंवा दुखलं. बस. स्वतःबद्दलचा अंदाज लिहू नका, घडलेलं लिहा. मी स्वतःला फिरतीवर काम करणारी समजत होते. पानावर मात्र सातपैकी सहा दिवस टेबल, 24 इंची मॉनिटर, वेगळा माऊस, पेनड्राइव्ह आणि चार्जर लावलेला, असंच आलं. ‘दुखलं’च्या रकान्यात पाच वेळा डोळे आणि दोनदा मनगट. ‘फार हळू चाललं’ असं फक्त एकदा, तेही सहा वर्षं जुन्या मशीनवर.

त्यावरून एक गोष्ट लगेच निकालात निघाली, ती म्हणजे वेग. वर्डची फाइल, वीसेक टॅब, पीडीएफ, व्हिडिओ कॉल, फोटो नीट करणं, या कामांत या दोन मशीनांमधला फरक हाताला जाणवत नाही. तुलनेच्या तक्त्यांत जे आकडे एकमेकांवर कुरघोडी करतात ते बहुतेक अशा कामांचे असतात जी तुम्ही-आम्ही कधी करतच नाही. तासन्‌तास व्हिडिओ एक्स्पोर्ट करणार असाल तर मात्र लक्षात घ्या की एअरला पंखा नाही, त्यामुळे दीर्घ भारात तो तापतो आणि स्वतःचा वेग उतरवतो. कार्बनला पंखा आहे, तो वेग टिकवतो आणि आवाज करतो. शांत खोलीत रात्री काम करणाऱ्याला एअरची निःशब्दता फार सुखाची वाटते, हे मी अनुभवानं सांगते.

आधी ‘चालेल का’, मग ‘आवडेल का’

तुलनेत शिरण्याआधी आपल्या प्रत्येक प्रोग्रॅमचं नाव एका यादीत लिहा आणि तो दोन्हीकडे चालतो का ते त्या प्रोग्रॅमच्या कंपनीच्याच पानावर तपासा. मायक्रोसॉफ्टचा डेटाबेसचा प्रोग्रॅम अ‍ॅक्सेस मॅकवर येत नाही. मॅकवरच्या एक्सेलमध्ये पॉवर पिव्हट, म्हणजे मोठ्या तक्त्यांचं विश्लेषण करायची सोय, नाही. अ‍ॅपलच्या स्वतःच्या चिपवर बूट कॅम्प, म्हणजे मॅकवर थेट विंडोज चालवायची सोय, नाही. त्यामुळे विंडोज टाकायचं तर पॅरलल्ससारख्या प्रोग्रॅमच्या आत, आणि तेही एआरएम आवृत्तीचं, म्हणजे अशा चिपांसाठी वेगळं बनवलेलं. यांतलं एखादं तुमच्या रोजच्या कामात असेल तर निर्णय इथेच झाला. जुना प्रिंटर किंवा स्कॅनर असेल तर त्याचा ड्रायव्हरही बघा. माझ्या यादीतलं सगळं दोन्हीकडे चालत होतं, म्हणून मी पुढे गेले.

पडदा: इथे घाई करू नका

माझ्या कामात पडदा सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून मी इथे रेंगाळणार आहे. पण दिवसभर वाचणाऱ्या कुणालाही हे लागू आहे.

एअरच्या 13.6 इंची पडद्यावर 2560 गुणिले 1664 बिंदू (पिक्सेल) आहेत, म्हणजे इंचाला साधारण 224. कार्बन मात्र एकाच नावाखाली वेगवेगळे पडदे घेऊन येतो. मैत्रिणीच्या कार्बनवर 1920 गुणिले 1200 चा मॅट (न चकाकणारा) आयपीएस, म्हणजे एलसीडीचाच एक प्रकार, होता, इंचाला 162 च्या आसपास. दुसरा पर्याय 2880 गुणिले 1800 चा ओएलईडी, म्हणजे ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो तो, इंचाला 240 च्या वर आणि सेकंदाला 120 वेळा ताजा होणारा. त्यामुळे ‘कार्बनचा पडदा कसा आहे’ या प्रश्नाला अर्थच नाही. कुणी त्याची स्तुती किंवा निंदा केली तर आधी विचारा, कोणत्या पडद्याचा? खरेदीच्या पावतीवर मॉडेलचा पूर्ण क्रमांक जुळवा, नुसतं नाव नको.

दुकानात सगळ्या पडद्यांची चमक शंभर टक्के ठेवलेली असते आणि त्यावर समुद्र, फुलं, रंगीत मासे चाललेले असतात. ते बंद करा. चमक निम्म्यावर आणा, पांढऱ्या पानावर काळा मजकूर उघडा आणि बसून दहा मिनिटं वाचा. आपल्या पाठीमागे दिवा येईल असं बसा, म्हणजे चकचकीत पडद्यात काय काय दिसतं ते कळेल. एअरचा पडदा चकचकीत आहे. माझ्या टेबलामागे खिडकी असल्यानं दुपारी मला त्यात माझाच चेहरा दिसत राहिला. मॅट पडद्यावर तो त्रास नाही, पण त्यावर अक्षरांची धार किंचित मऊ वाटते, तेही खरं.

ओएलईडी घ्यायचा विचार असेल तर एक छोटी तपासणी जरूर करा. बरेच ओएलईडी पडदे कमी चमकेवर उजेड मंद करण्याऐवजी तो फार वेगानं लावतात आणि विझवतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण काहींना त्यानं डोकं जड होतं. चमक अगदी खाली आणा, मोबाईलचा कॅमेरा प्रो मोडमध्ये घ्या, शटर खूप वेगवान ठेवा आणि पडद्याकडे धरा. गडद आडवे पट्टे सरकताना दिसले तर ते हेच. मला डोकेदुखीचा इतिहास आहे, म्हणून मी ओएलईडी तिथेच सोडला. शिवाय ओएलईडीला काळ्या रंगासाठी जवळपास वीज लागत नाही, पण पांढऱ्यासाठी बरीच लागते. सिनेमे बघणाऱ्याला हा हिशोब फायद्याचा आहे. माझं सगळं काम पांढऱ्या पानावर.

आता ती गोष्ट, जी मला कुठल्याच तुलनेत ठळकपणे सापडली नाही आणि जिनं माझ्यापुरता निकाल लावला.

आठव्या दिवशी मी एअर माझ्या 24 इंची मॉनिटरला जोडला. हा मॉनिटर साधा आहे, 1920 गुणिले 1080 चा, म्हणजे इंचाला जेमतेम 92 बिंदू. तीच फाइल, तेच पान, तोच फाँट. कार्बनवरून पाहिलं तेव्हा अक्षरं स्वच्छ होती. एअरवरून पाहिलं तेव्हा ‘घ’ आणि ‘ध’ वेगळे करायला मला पुढे वाकावं लागलं. ‘भ’ची गाठ ‘म’मध्ये मिसळत होती, अनुस्वाराचा ठिपका पसरट झाला होता. आधी वाटलं केबल सैल आहे. बदलून पाहिली. नाही.

कारण असं आहे. अशा मॉनिटरच्या पडद्यावरचा प्रत्येक बिंदू लाल, हिरव्या आणि निळ्या अशा तीन उभ्या पट्ट्यांचा असतो. विंडोजचं क्लिअरटाइप अक्षराची कड रेखताना या पट्ट्या सुट्या सुट्या वापरतं, त्यामुळे आडव्या दिशेनं जास्त बारीक रेष काढता येते. मॅकनं 2018 च्या मोहावी आवृत्तीपासून ही पद्धत सोडली आणि फक्त राखाडी छटांनी कड मऊ करायला सुरुवात केली. इंचाला सव्वादोनशे बिंदू असलेल्या पडद्यावर याचा काही फरक पडत नाही, उलट एअरच्या स्वतःच्या पडद्यावर अक्षरं छापल्यासारखी दिसतात. पण कमी बिंदूंच्या बाहेरच्या मॉनिटरवर तीच अक्षरं धूसर वाटतात.

भाचा म्हणाला, “मावशी, मग मॉनिटर बदल ना.” त्याचं बरोबर होतं. 27 इंची 4के (3840 गुणिले 2160 च्या) मॉनिटरवर इंचाला 163 बिंदू येतात आणि तिथे मॅकची अक्षरंही सुरेख दिसतात. म्हणजे प्रश्न फक्त लॅपटॉपचा राहिला नाही. एअर घ्यायचा तर त्याच्या किमतीत मॉनिटरही धरायचा. तुमच्याकडे आधीच 4के मॉनिटर असेल, किंवा मॉनिटर लावतच नसाल, तर हा सगळा परिच्छेद तुमच्यासाठी नाही. म्हणून तर वहीचं पान आधी.

दोन मॉनिटर लावणार असाल तर आणखी एक. एम2 च्या एअरला बाहेरचा एकच मॉनिटर चालतो. एम3 ला दोन चालतात, पण लॅपटॉपचं झाकण मिटून. एम4 ला झाकण उघडं ठेवूनही दोन चालतात. जुना एअर स्वस्तात मिळतोय म्हणून घेणारे इथे फसतात.

हात

कळफलक उभ्यानं दोन ओळी टाइप करून कळत नाही. खुर्ची मागा, बसा, आणि आपल्या भाषेत, आपल्या लिपीत अर्धं पान टाइप करा. कार्बनच्या कळा सुमारे दीड मिलिमीटर खाली जातात, मॅकच्या साधारण एक. आकड्यात फरक अर्ध्या मिलिमीटरचा, पण तीन तासांनंतर तो बोटांच्या पेरांत उतरतो. मी जोरात टाइप करते. एअरवर संध्याकाळपर्यंत बोटं टेबलावर आपटल्यासारखी वाटायची. भाचा हलक्या बोटांनी टाइप करतो, त्याला कार्बनच्या कळा खोल आणि संथ वाटल्या. दोघांचंही खरं आहे.

टचपॅडच्या बाबतीत मात्र एअर सरळ पुढे आहे. ते पॅड प्रत्यक्षात खाली जातच नाही. दाब ओळखून खालची मोटर टिचकी दिल्याचा भास करते, त्यामुळे कोपऱ्यात दाबा नाहीतर मध्ये, सारखंच लागतं. कार्बनचं पॅड लहान आहे, पण कळफलकाच्या मधोमध ती लाल टिकली आहे, जिच्यामुळे हात कळांवरून न उचलता बाण हलवता येतो. ज्यांना तिची सवय आहे ते दुसरं काही घेत नाहीत. ज्यांना नाही त्यांनी तिच्यासाठी कार्बन घेऊ नये.

बॅटरी

टेबलाशी बसणाऱ्यांनी हा भाग चाळला तरी चालेल, फिरणाऱ्यांनी नीट वाचा.

बॅटरी वॅट-अवरमध्ये मोजतात. एअरची 53.8, कार्बनची 57. म्हणजे कार्बनची टाकी थोडी मोठी. तरीही मी एकाच दिवशी दोन्ही सकाळी 9 ला चार्जरवरून काढले, चमक डोळ्यांना सारखी वाटेल अशी ठेवली आणि आलटून पालटून तेच काम केलं, तर दुपारी 3 ला एअरमध्ये 52 टक्के उरले होते आणि कार्बनमध्ये 31. हिशोब मांडला तर एअरनं सरासरी 4.3 वॅट खाल्ले आणि कार्बननं 6.6. हे माझ्या कामाचे, माझ्या एका दिवसाचे आकडे. तुमचे वेगळे येतील, पण रीत हीच. वॅट-अवरला तुमच्या सरासरी वॅटनं भागा, तास मिळतात. कंपनीचा ‘इतके तास’ हा दावा बहुधा मंद चमकेवर व्हिडिओ चालवून काढलेला असतो.

तासांइतकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे झोप. झाकण मिटून रात्रभर ठेवलेला एअर सकाळी जवळपास तितकाच भरलेला सापडतो. विंडोजच्या लॅपटॉपांत झोपेची नवी पद्धत अशी आहे की मिटलेल्या मशीनला मधूनमधून जाग येते, अपडेट उतरतात, मेल येतात. माझा आधीचा लॅपटॉप एकदा असाच बॅगेत जागा राहिला. चार तासांनी बॅग उघडली तर आतली कागदं गरम झाली होती आणि बॅटरी संपलेली. तेव्हापासून मी झाकण मिटल्यावर हायबरनेट होईल, म्हणजे चालू काम जतन करून मशीन पूर्ण बंद होईल, अशी सेटिंग करते. विंडोज घेणाऱ्या प्रत्येकानं पहिल्याच दिवशी हे करावं. उघडताना काही सेकंद जास्त लागतात, पण बॅग थंड राहते.

आणि दिवसभर चार्जर लावून बसणार असाल तर बॅटरी कायम शंभरवर ठेवू नका. थिंकपॅडमध्ये लेनोवो व्हँटेज हा कंपनीचा प्रोग्रॅम उघडून चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवता येतं. मॅक तुमची सवय ओळखून स्वतःच उशिरा भरतो. मॅकची बॅटरी 1000 आवर्तनांनंतरही (एक आवर्तन म्हणजे एकूण एक भरलेली बॅटरी वापरणं) 80 टक्क्यांपर्यंत क्षमता राखेल अशा बेतानं बनवलेली असते.

मेमरी आत्ताच, नंतर नाही

दोन्हींमध्ये मेमरी बोर्डवरच डाखलेली आहे. जुन्या लॅपटॉपांसारखी पुढे पट्टी टाकून वाढवता येत नाही. म्हणून पैसे कुठे घालायचे असा प्रश्न आला तर प्रोसेसरची वरची पायरी सोडा आणि मेमरीची घ्या.

किती हवी ते आताच्या मशीनवरच कळतं. सगळ्यात धावपळीच्या दिवशी, सगळं उघडं असताना, विंडोजमध्ये टास्क मॅनेजरमधला मेमरीचा आलेख बघा. मॅकवर अ‍ॅक्टिव्हिटी मॉनिटरमध्ये ‘मेमरी प्रेशर’चा. आलेख हिरवा असेल, किंवा वापर सत्तर टक्क्यांच्या आत असेल, तर आता आहे तेवढी पुरते. वारंवार पिवळा होत असेल किंवा नव्वदीला टेकत असेल तर पुढची पायरी. माझ्या जुन्या मशीनवर 16 जीबी होती आणि चारशे पानांची पीडीएफ, वर्डची दोन हस्तलिखितं आणि कॉल एकत्र आले की ती भरायची. मी 32 घेतली. पुढची सहा वर्षं डोळ्यांसमोर होती.

साठवणुकीत फरक आहे. कार्बनचा एसएसडी, म्हणजे फाइली साठवणारी डिस्क, स्क्रू काढून बदलता येतो, एअरचा येत नाही. एअर घेणाऱ्यांनी एसएसडी हात राखून घेऊ नये, नाहीतर जड फाइलींसाठी बाहेरची ड्राइव्ह कायम सोबत बाळगावी लागते.

भोकं आणि केबली

एअरला दोन थंडरबोल्ट (यूएसबी-सी आकाराची वेगवान भोकं), दोन्ही डावीकडे, शिवाय चुंबकानं चिकटणारं चार्जिंग आणि उजवीकडे हेडफोन. कुणी वायरीत पाय अडकवला तर वायर सुटते, लॅपटॉप खाली येत नाही. घरात लहान मूल असेल तर या एका गोष्टीला मी बरेच गुण देईन. कार्बनला दोन थंडरबोल्ट, दोन जुन्या आकाराचे यूएसबी, एचडीएमआय आणि हेडफोन. माझ्या वहीतला पेनड्राइव्ह, माऊस आणि मॉनिटर तिघेही त्याला सरळ लागतात. एअरला त्यासाठी हब, म्हणजे जास्तीची भोकं देणारा जोड, घ्यावा लागतो. हब काही मोठी गोष्ट नाही, पण तो नेमका नको तेव्हा दुसऱ्या बॅगेत असतो.

वजन एअरचं 1.24 किलो, कार्बनचं 1.09 पासून पुढे. चार्जरसकट तोलून बघा, खांद्यावर दोन्ही येतं.

माझं काय ठरलं

मी कार्बन घेतला, मॅट आयपीएस पडद्याचा, 32 जीबीचा. मॉनिटर, कळा आणि यूएसबी, या तीन गोष्टींशी माझा जवळपास रोज संबंध येतो आणि तिन्ही एकाच बाजूला झुकल्या. टचपॅड, बॅटरी आणि शांतता यांत एअर सरस आहे हे मला मान्य आहे, रात्री पंखा सुरू झाला की ते आठवतंही. भाच्याचं पान मी त्याच्याकडून लिहून घेतलं. त्यात टेबल आठवड्यातून एकदा, मॉनिटर कधीच नाही, चार्जर संध्याकाळी. त्यानं एअरच घेतला होता आणि त्याच्यासाठी तोच योग्य होता.

घरी आणल्यावर पहिला आठवडा खोका आणि पावती जपून ठेवा आणि परत करायची मुदत कॅलेंडरमध्ये टाका. पहिल्या दिवशी पूर्ण पांढरा, मग पूर्ण काळा पडदा करून मेलेले बिंदू शोधा. प्रत्येक यूएसबीत काहीतरी लावून बघा. एक कॉल करून कॅमेरा आणि माईक तपासा. बॅटरीची पूर्ण क्षमता किती दाखवते ते लिहून ठेवा. विंडोजमध्ये बॅटरी रिपोर्टमध्ये मिळते, मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘पॉवर’खाली, आवर्तनांच्या आकड्यासकट. मग त्याच वहीत आणखी सात दिवस तेच चार रकाने भरा. ‘दुखलं’च्या रकान्यात तेच शब्द पुन्हा यायला लागले तर मुदत संपायच्या आत मशीन परत करा. माझ्या त्या रकान्यात पहिल्या आठवड्यात डोळे एकदा आले, मनगट एकदाही नाही, आणि खोका मी दहाव्या दिवशी माळ्यावर टाकला.